आजाऱ्याचं नाव

३ नोव्हेंबर, राजूर

पोचले एकदाची. अकोले सोडल्यापासून एसटीत शेजारच्या आजीबाईंची कोंबडी माझ्या मांडीवर होती, आणि पूर्ण घाटात तिने माझ्याशी अबोला धरला. खोली मात्र झकास मिळाली आहे. गावाच्या कडेला, डोंगराला लागून, आणि खिडकीतून सगळा उतार दिसतो. घर कडूबाईंचं. कावीळ उतरवणारी म्हणून जिचं नाव आमच्या पुण्याच्या संस्थेत ऐकलं, ती हीच. ती देते ते मूळ मिळवायचं, वाळवून दळायचं, स्पिरिटमध्ये अर्क काढून प्रयोगशाळेत पाठवायचं आणि यकृतावर त्याचा खरंच काही परिणाम होतो का ते बघायचं, एवढंच माझं काम.

संध्याकाळी नगरहून पप्पांचा फोन. निवृत्त शिक्षक असल्यामुळे फोनवरही हजेरी घेतात. मम्मी गेल्यापासून घरात ते एकटेच, आणि त्यांना मी एकटीच. पण तब्येत माझ्याहून ठणठणीत. आजही सायकलवरून बोंबील आणायला गेले होते आणि तिथून चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला.

५ नोव्हेंबर

आज एक टेम्पोवाला आला होता, डोळे पिवळेधमक. मावशींनी (कडूबाईंना मी आता मावशी म्हणते) मूळ ताकात उगाळून त्याला पाजलं. मूळ उतारावरच्या एका वेलीचं. तिचं नाव मावशी घेत नाहीत, नुसतं ‘थोरली’ म्हणतात.

पद्धत मोठी मजेची आहे. आदल्या संध्याकाळी वेलीच्या बुडाशी हळदीचे तांदूळ ठेवायचे, आजाऱ्याचं नाव सांगायचं आणि उद्या न्यायला येते म्हणून आमंत्रण द्यायचं. खणायचं सकाळी. एका नावाला एकच मूळ. मी एक अख्खं मूळ मागितलं, तर मावशींनी विचारलं, आजारी कोण हाय? कुणीच नाही म्हटल्यावर त्या भाकऱ्या थापायला निघून गेल्या.

७ नोव्हेंबर

थाप मारली. काल सांगितलं की माझ्याच वडलांना कावीळ झाली आहे. ऐन वेळी जिभेवर पप्पांचंच नाव आलं. मावशींनी दोनदा विचारलं, डोळं पिवळं झाल्यात ना खरंच? झालेत म्हटलं. मग संध्याकाळी त्यांनी मलाच तांदूळ ठेवायला लावले. ‘इमॅन्युएल’ म्हणताना हसू आवरेना. चर्चमधल्या पंचांची लेक वेलीपुढे वाकलेली पाहून पप्पा काय म्हणाले असते!

आज सकाळी मूळ हातात आलं. कापल्यावर आतून भडक पिवळं. पप्पांना पाठवते असं मावशींना सांगितलं आणि खोलीचं दार लावून त्याच्या चकत्या वाळत घातल्या.

१० नोव्हेंबर

दळलं, अर्क काढला, बाटली कुरियरने पुण्याला गेली. काम फत्ते. पप्पा आज फोनवर फार बोलले नाहीत. भूक नाही म्हणाले, बोंबलाचा वास सहन होत नाही म्हणाले. पप्पांना, आणि बोंबलाचा!

१३ नोव्हेंबर

पप्पांचे डोळे पिवळे झालेत. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. निघाले.

१६ नोव्हेंबर, नगर

सगळ्या तपासण्या झाल्या. विषाणू नाही, खडा नाही, सोनोग्राफीत काही नाही. तरी बिलिरुबिन रोज चढतंय. डॉक्टर कागद उलटेपालटे करतात आणि उद्या बघू म्हणतात. योगायोग आहे, असं मी स्वतःला सांगते. मी शास्त्र शिकलेली बाई आहे. पप्पा मला ओळखतात, पण नखं हळदीत बुडवल्यासारखी झालीत. बाहेर बाकावर बसून खूप रडले.

मला राजूरला जायलाच हवं. दुसरं मूळ आणते.

१८ नोव्हेंबर, राजूर

मावशींना खरं सांगितलं. त्यांनी हातातलं पीठ झटकलं.

“औषध आदी बोलावलंस, पोरी. आता त्याला आजार लागतोय. न्हाई गावला तर ते आनतंय.”

दुसरं मूळ चालणार नाही. पप्पांच्या नावाचं मूळ निघालं, आणि ते पुण्यात एका बाटलीत पडलंय. उलटं कसं करायचं ते मावशींनाही ठाऊक नाही, कारण त्यांच्या घरात आजवर असं कुणी केलंच नव्हतं. सासूकडून त्यांनी एवढंच ऐकलंय की थोरलीला दुसरं नाव दिलं तर ती पहिलं सोडते. कुणाचं द्यायचं, ते मी ठरवायचं.

उतारावर जाऊन पाहिलं. मूळ काढलं तो खड्डा तसाच आहे, मातीचा कणही आत पडलेला नाही. भोवती नवे कोंब आलेत. सगळे माझ्या खिडकीकडे वळलेले.

२० नोव्हेंबर

दवाखान्यातून फोन. पप्पा ग्लानीत आहेत, मम्मीचं नाव घेतायत.

संध्याकाळी तांदूळ घेऊन गेले. मावशी लांब उभ्या राहिल्या, पदर तोंडावर. माझं नाव सांगितलं. नॅन्सी इमॅन्युएल — स्पष्ट, दोनदा.

या वेळी हसू आलं नाही.

२२ नोव्हेंबर

पप्पा उठून बसले! भूक लागली म्हणाले, नर्सकडे बोंबील-भाकरी मागितली. आकडे उतरतायत. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडल्या. पडू देत.

मला सकाळपासून चहाचा वास नकोसा झालाय.

२४ नोव्हेंबर

आरसा पालथा घातला.

उंबऱ्यावर हळदीचे तांदूळ होते. ओले. मावशी शपथ घेऊन सांगतात, त्यांनी ठेवले नाहीत. कोंब खिडकीखाली आलेत —

पप्पांनी फोनवर आवाजावरूनच ओळखलं. खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, वेल नेमकी कुठे आहे, तांदळांबरोबर आणखी काय लागतं. मला वाटलं, मला बोलतं ठेवायला विचारतायत.

सांगितलं. का सांगितलं मी —

२६ नोव्हेंबर

उठवत नाही. पाणीही ठरत नाही. पप्पांचा फोन बंद. वॉर्डातून कळलं, काल स्वतः सही करून घरी गेले. घरी कुणी उचलत नाही.

आत्ता मावशी खिडकीशी आल्या. एसटीतून एक म्हातारा उतरला, पांढरा सदरा, रुमालात काहीतरी बांधलेलं.

“म्या वाट न्हाई दाखिवली. त्येला ठाव हुती.”

दिसतायत. उतारावर — सदरा दिसतोय. मावशींना पाठवलं, पण त्यांचे पाय — पोचणार नाहीत. हाक मारतेय, आवाज फुटत नाही. हात तेवढा चालतोय.

वाकले.

पप्पा, नको. माझंच असू द्या, तुमचं नाव घेऊ —

शेजारी कुणी भाकरी भाजतंय. कालपर्यंत हा वास — आता चांगला वाटतोय. खूप चांगला —

नाही, देवा, नाही. मला भूक ला