कृष्णविवराच्या नावे पडलेला खर्च

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
पुणे, ७ जून १९७६

आपणास शरणार्थ.

शेंगाची चटणी, कडक भाकरी पोचली. आपल्या लेकाची, रुद्रप्पाची तब्येत बरी आहे.

आकाशातलं कृष्णविवर नुसतं गिळतं, त्याचा अभ्यास कशाला, घरी येऊन आपलं दुकान सांभाळ, असं आपण त्याला लिहिलंत. मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, "अव्वा, त्याच्या काठावर कण जोडीनं निपजतात. एक आत पडतो, दुसरा ऊब घेऊन निसटतो. त्याचा खर्च विवराच्या नावे पडतो, म्हणून ते झिजतं."

मला पटेना. त्यानं माझ्या हिशेबाच्या वहीत मांडून दाखवलं. बेरीज जुळली.

जेवण मात्र कमी झालंय त्याचं. आपल्या होकाराशिवाय तो संशोधनाला प्रवेश घेणार नाही, आणि मुदत शनिवारपर्यंतच आहे.

आपला गुडघा कसा आहे? होकार उलट टपाली कळवावा.

आपली,
काशम्मा