बारा सेकंदांचा फरक

प्रिय भिंगरी,

फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा हवापाण्यावर बोलून फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. आज कुरिअरने टाकतेय, बुधवारी मिळेल. आपल्या कॉम्प्युटरवरच्या ऑनलाइन शर्यतींच्या स्पर्धेत गाडीचा क्लास बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा वाचायला आळस करू नकोस. आधी घरचं सांगते. माझं धाडस सावकाश गोळा होतं, तुला ठाऊक आहे.

तुझ्या खोलीतलं टेबल तसंच आहे, स्टिअरिंग स्क्रूने आवळलेलं. पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीशी तुझे जाडजूड शब्दकोश लावलेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते कुणाच्या कामी आले. बाबा दारातून डोकावतात, साठी बुद्धी नाठी म्हणतात आणि निघून जातात. पण शर्यत सुरू झाली की न मागता चहा आणून ठेवतात.

तू नोकरीला गेलीस तेव्हा मी त्या खुर्चीवर धूळ पुसायला म्हणून बसले होते. मग बसतच गेले. तू मला छोट्या गाडीच्या क्लासात घातलंस, स्वतः मोठ्या, वेगवान गाडीत राहिलीस. एकाच ट्रॅकवर दोन्ही क्लास, ज्याचा त्याचा निकाल वेगळा, हे समजायलाच मला महिना लागला. पहिल्याच शर्यतीत तू मागून आलीस आणि मी मोठ्या मनाने बाजूला सरकले, नेमकी तू जिकडून काढणार होतीस तिकडेच. दोघीही भिंतीत. तू चिडली नाहीस. एवढंच म्हणालीस, की आई, हळू गाडीने वाट द्यायची नसते, आपली रेघ धरून चालायचं असतं. वाट काढणं वेगवान गाडीचं काम.

आता मुद्द्यावर येते. नव्या नोकरीत सरावाला वेळ नाही, तेव्हा कोणत्या क्लासात उतरू, हे तू मला विचारलंस. दोन्ही गाड्यांतले तुझे लॅप, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीच्या वेळा, त्या त्या क्लासच्या सर्वांत वेगवान लॅपशेजारी मांडून तक्ता करायला सांगितलास. आकडे म्हणजे आईचा प्रांत, म्हणालीस. मी तक्ता पाठवला. मोठ्या गाडीत तू अडीच सेकंद मागे, छोटीत जेमतेम अर्धा. तू लगेच लिहिलंस, तू म्हणतेस तर छोटीच घेते.

तो तक्ता खोटा आहे. म्हणजे एकही आकडा खोटा नाही, पण निवड खोटी आहे. मोठ्या गाडीचे तुझे लॅप मी भरल्या टाकीचे, तापलेल्या ट्रॅकवरचे, गर्दीत अडकलेले घेतले. छोट्या गाडीचे घेतले टाकी जवळपास रिकामी असतानाचे, ट्रॅक मोकळा आणि थंड असतानाचे. एकतीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन मी वजनकाटे तपासले. तागडीखाली चुंबक चिकटवणाऱ्यांना पकडलं, चारचौघांत बोलले. आणि स्वतःच्या पोरीच्या काट्यावर बोट ठेवलं. लाज वाटते गं.

मोठ्या क्लासातल्या पहिल्या तिघांना खऱ्या ट्रॅकवर खरी गाडी चालवून बघायला मिळणार आहे, हे मला माहीत होतं. तुझ्या जिवाची काळजी वाटली म्हणून केलं, असं लिहिलं असतं तर शोभलं असतं. बाबांना मी तेच सांगितलं. पण ते खरं नाही. तू वर्षातून दोनदा घरी येतेस, त्यातही अर्धा वेळ झोपतेस. एका क्लासात असलो तर शेजारीशेजारी धावू, एवढाच माझा हिशोब होता.

काल दुपारी मी सगळे लॅप एकाच मापाने पुन्हा लावले, सारखी टाकी, सारखा ट्रॅक. मोठ्या गाडीत तू सर्वांत वेगवान लॅपपासून फक्त तीन दशांश सेकंद मागे आहेस. पहिल्या तिघांत सहज बसतेस. खरा तक्ता सोबत जोडलाय, प्रत्येक लॅपपुढे टाकी आणि ट्रॅकचं तापमान लिहिलंय, तपासून घे. मग राहवेना म्हणून आपल्या दोघींचंही मांडून पाहिलं. छोट्या गाडीत तू माझ्याहून लॅपमागे तीन सेकंद वेगवान. म्हणजे सुरुवातीलाच पुढे निघून जाशील आणि दोन तासांच्या शर्यतीत मला पुन्हा एकदाच गाठशील. मोठ्या गाडीत बारा सेकंद वेगवान, म्हणजे दर पंधरा-सोळा मिनिटांनी मागून येशील. सात वेळा भेटशील गं. शुक्रवारच्या आत क्लास बदल.

तुझीच, काटा सरळ केलेली,
आई