चौदाव्या बकुळीखालचा खड्डा

३ डिसेंबर
सुटलो एकदाचा! एकोणीस वर्षं लोटे एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्ट केली. भोंगा, बस, डोळ्यांची आग, सगळं संपलं. कालपासून मी, विनीत, सुरंगवाडी स्मृतिउद्यानाचा राखणदार. बायको, दिशा, चिपळूणलाच राहील, तिची शाळेतली नोकरी आहे. रविवारी घरी जाईन.

सात वर्षांपूर्वी दरड कोसळून ही वाडी गाडली गेली. चौदा माणसं गेली. तेरा सापडली, काशीराम तेवढा सापडला नाही. मग ढिगारा सपाट करून वर बाग केली. प्रत्येकाच्या नावाची एक बकुळ आणि एक जांभा दगड. माझी खोलीही त्याच भरावावर, फाटकाशी.

आज सहाला फाटक उघडलं. धुकं, दहिवर, कुठे आवाज नाही. पहिल्या आल्या त्या यमुनाबाई, काशीरामची बायको. त्या दिवशी माहेरी होत्या म्हणून वाचल्या. दगडापाशी बसून अर्धा तास हळू आवाजात बोलत होत्या. जाताना मला विचारलं, चहा झाला का. मन भरून आलं.

५ डिसेंबर
काशीरामच्या बकुळीखाली सकाळी गुडघाभर खड्डा. झाड कलंडलेलं. रानडुक्कर असणार. बुजवला, झाड सरळ केलं, माती चोपली.

६ डिसेंबर
पुन्हा तोच खड्डा. ठेकेदाराचा सुपरवायझर अनिल, त्याला फोन केला. म्हणाला, फोटो पाठव. पाठवला. म्हणाला, अर्ज कर. केला. म्हणाला, अर्ज छापील नमुन्यात हवा. नमुना कुठे मिळेल? ते त्याला माहीत नाही. तोवर लोक यायच्या आत बुजवत जा, म्हणाला.

८ डिसेंबर
काल काट्यांचं कुंपण घातलं. आज काटे जागच्या जागी, आत खड्डा. हात ओरबाडले ते माझेच. अनिल फोनवर विचारतो, झाड नीट लावता येतं ना? फोन आपटावासा वाटला.

९ डिसेंबर
अनिलसाहेब स्वतः आले, अकरा वाजता. खड्डा मी साडेसहालाच बुजवलेला, त्याच्याच हुकमाने! कुठाय खड्डा, म्हणून हसला. रात्री घेतोस काय, असंही विचारलं. आयुष्यात थेंब घेतलेला नाही मी. तो गेल्यावर चिडून चार चिरे आणून खड्ड्यावर रचले. आता उकर म्हणावं.

१० डिसेंबर
चिरे चारी बाजूंना फेकलेले. एकही मला एकट्याला उचलत नाही, काल पहारीने ढकलत आणले होते.
आज प्रथमच खड्ड्यात उतरून पाहिलं. डुकराची मुसंडी नाही, फावड्याचा घाव नाही. कडेच्या मातीवर ओरखडे. चार-चार एकत्र, बोटांएवढे. सगळे खालून वर आलेले.
तरी बुजवला. काय करू? सात वाजता शाळेची सहल येणार होती.

११ डिसेंबर
यमुनाबाईंना सांगितलं. घाबरतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.
"मीच हाक मारतंय त्येला रोज," त्या म्हणाल्या. "येतोय तो वर. कंबरेपातुर आला व्हता. तू माती लोटतोस नि त्यो परत खाली जातो. नको टाकू रे बाबा."
मी म्हटलं, "काकी, सात वर्षं झाली."
"मंग? मी काय मोजत नाय?"
आज माती टाकताना फावडं दोनदा खाली ठेवलं. पण टाकली. अनिलने खड्डा बुजवल्याचा फोटो मागितला होता.

१३ डिसेंबर
पंधराला समारंभ, पाहुणे येणार. अनिलने काँक्रीटची गाडीच आणली. यमुनाबाई खड्ड्यात जाऊन आडव्या झाल्या. मी ओरडलो, दोन दिवस थांबा, खाली काहीतरी आहे. अनिल म्हणाला, आहे, तुझी नोकरी आहे.
मग मीच त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं. त्या रडल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलं.
काँक्रीट ओतताना खालून एकदा आवाज आला— हवा अडकली असेल, मजूर म्हणाले.

१४ डिसेंबर, पहाट
काँक्रीट शाबूत. तडा नाही. सुटल्यासारखं वाटलं. वर उभा राहिलो.
पायाखाली ठोका.
बाजूला झालो. तिथेही ठोका. वाटेवर आलो, वाटेखाली. मी थांबलो की थांबतो. चाललो की—
यमुनाबाई आल्या नाहीत.
दिशाला फोन केला. ती म्हणाली, नोकरी सोड, आजच ये. अनिल म्हणतो, समारंभ होईपर्यंत हललास तर कायमचा काळ्या यादीत. थांबलो. मूर्ख मी, थांबलो.

१५ डिसेंबर, पावणेसहा
आल्या. फाटकाबाहेरच, आत येईनात. ओणव्या होऊन जमिनीला कान लावला. बराच वेळ.
मग म्हणाल्या, "मी हाक मारली. ओ देत नाय. माजं नाय विचारत तो आता. माती कोन टाकीत व्हता, तेवढंच विचारतो."
मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत?
त्या कानाला लागलेली माती पुसून निघून गेल्या.

पाच मिनिटांनी
पिशवी घ्यायला खोलीत आलो. कशाला आलो— कपडेच तर होते.
दारापाशी लादी फुगली. तडकली. खाटेवर चढून बसलोय. अनिलला फोन लावला, म्हणतो रांगोळीवाल्या बायका आल्या का बघ. अरे, ऐक तरी! ठेवला.
दुसरी लादी. दार आणि मी यांच्यात आता—
माती आत येतेय. ओली. डिसेंबरात ओली.
हात आहे. नखं नाहीत. घासून घासून—
मला सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं. पहिले पाच दिवस तरी खरंच मा