‘बोस्को आल्तो’ या कोलोनच्या नावाची आणि कृतीची वाटणी

मी, एर्सिलिया दाल मोलिन, दिवंगत ओरेस्ते फाक्किन यांची पत्नी, दिवाणी न्यायालयातून निवृत्त न्यायाधीश, वय चौऱ्याऐंशी, राहणार फेल्त्रे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने पुढील कलमे वाचावीत. मला मूलबाळ नाही, आईवडील हयात नाहीत, पती वारले. त्यामुळे माझ्या मिळकतीत कायद्याने कोणाचाही राखीव हिस्सा नाही. हे शेवटचे वाक्य माझा पुतण्या ग्वाल्तिएरो फाक्किन याने दोनदा वाचावे.

कलम १. राहते घर ग्वाल्तिएरोला मिळावे. उत्तरेकडची भिंत ओल धरते. त्याच्या पत्नीने त्या भिंतीवर कोणता रंग शोभेल हे माझ्या देखतच ठरवून ठेवले आहे, म्हणून भिंतीचा स्वभाव मी तिला आधी सांगितला नाही.

कलम २. बँकेतील शिल्लक गावच्या वाद्यवृंदाला द्यावी. अट एकच: माझ्या अंत्यविधीला त्यांनी वाजवू नये.

कलम ३. खरा वाद येथे आहे. माझ्या पतींनी तयार केलेले पाइनचे कोलोन, म्हणजे दाढीनंतर लावायचे सुगंधी पाणी, ‘बोस्को आल्तो’, याचे नोंदणीकृत नाव आणि त्याची कृती ही दोन्ही माझ्या मालकीची आहेत. ती कृती टिकावी की बुडावी, एवढाच या मृत्युपत्राचा प्रश्न आहे.

गेल्या सप्टेंबरात ग्वाल्तिएरो एक निळी बाटली घेऊन आला.

“काकू, नुसता वास घ्या आणि मोकळ्या मनानं सांगा.”

“काय आहे हे?”

“आपलंच की. बोस्को आल्तो. जरा तरुण केलंय. मिलानोची कंपनी तयार आहे, फक्त तुमची सही हवी.”

मी वास घेतला. टॅक्सीत आरशाला पुठ्ठ्याचे सुगंधी झाड टांगतात, त्याची आठवण झाली. मात्र त्या झाडाला निदान आकार तरी असतो. “यात पाइन कुठे आहे?” मी विचारले.

“पाइनची भावना आहे, काकू. आणि वास कोण बघतो हो आता? लोक नाव बघून घेतात.”

हे विधान मी कबुली म्हणून नोंदवून घेते. कलम ५ मध्ये तिचा उपयोग होईल. त्याचा उरलेला युक्तिवाद असा: पाइन म्हातारे लावतात, म्हातारे मरतात, म्हणून पाइन बदलले पाहिजे. पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. निष्कर्ष त्यांतून निघत नाही, कारण गेलेल्यांच्या जागी नवे म्हातारे येतच असतात. ग्वाल्तिएरो स्वतः त्या वाटेवर बराच पुढे आहे.

कलम ४. तुलना. या गावात पाइनची प्रामाणिक कोलोने दोनच झाली: माझ्या पतींचे आणि सांते ब्रुस्तोलिन यांचे ‘रेझिना’. तुल्लिओ न्हाव्याच्या दुकानात दाढी झाली की तो दोन बाटल्या पुढे धरून विचारी, “ओरेस्ते की सांते?” आणि त्या उत्तरावरून संध्याकाळी कोण कोणाच्या टेबलावर बसणार हे ठरे. माझ्या सासऱ्यांनी ‘रेझिना’ लावणाऱ्या जावयाशी मरेपर्यंत अबोला धरला. पुरुषांच्या अकलेविषयी माझे मत तेव्हाच बनले, आणि ते बदलण्याजोगा पुरावा नंतर समोर आला नाही.

‘रेझिना’ हे ओल्या रानात नुकत्याच कापलेल्या ओंडक्यासारखे आहे. राळ, शेवाळ, थोडा धूर; सकाळी लावले तर संध्याकाळी सदऱ्यावर तसेच सापडते. ‘बोस्को आल्तो’ माथ्यावरच्या खुरट्या पाइनच्या पाल्याचे तेल घालून बनते, आणि ते तेल निर्विवाद श्रेष्ठ आहे. परंतु माझ्या पतींनी त्यात रोजमेरी, म्हणजे मांस भाजताना घालतात तो सुवासिक पाला, इतकी घातली की पहिली काही मिनिटे माणसाला भाजलेल्या कोकराचा वास येतो. रान त्यानंतर सुरू होते. दोन्ही बाजू ऐकून माझा निर्णय असा, की ‘रेझिना’ अधिक चांगले आहे. ओरेस्ते हयात असताना हा निर्णय मी राखून ठेवला होता.

ओरेस्ते वारले तेव्हा सांते ‘बोस्को आल्तो’ लावून चर्चमध्ये आले. तिसऱ्या बाकापर्यंत वास पोहोचला. ग्वाल्तिएरो माझ्या कानाशी लागला: “बघितलंत? मेलेल्या माणसाची टिंगल करतोय.” गावानेही तेच धरले, आणि त्या दिवसापासून सांतेंशी पत्ते खेळायला कोणी बसेना. मी मात्र आरोपीला ऐकल्याशिवाय निकाल देत नाही. पायऱ्यांवर गाठून मी त्यांना विचारले.

ते म्हणाले, “मग काय माझं लावून येऊ, जजबाई? आजच्या दिवशी त्याच्या दारात भांडायला नव्हतं यायचं मला.” एक पायरी उतरून म्हणाले, “पण रोजमेरी फारच आहे हो. पाद्रीबुवा दोनदा शिंकले.”

मी तेव्हा हसले नाही असे गावात सांगतात. ते खोटे आहे.

कलम ५. यावरून वाटणी अशी. लोक नाव घेतात, वास नाही, असे ग्वाल्तिएरोनेच सांगितले असल्यामुळे ‘बोस्को आल्तो’ हे नाव त्याला मिळावे. ते नाव लेबल छापणाऱ्याने सुचवले होते आणि ओरेस्ते यांना कधीच आवडले नव्हते. कृती, तांब्याचे ऊर्ध्वपातनाचे भांडे, मापे आणि गाळण्या सांते यांची मुलगी फिओरेंझा ब्रुस्तोलिन हिला मिळाव्यात. तिने ते कोलोन हव्या त्या नावाने विकावे. रोजमेरीचे प्रमाण मात्र कमी करू नये. वडिलांनी कितीही आग्रह केला तरी नाही. ती चूक आहे हे मला ठाऊक आहे. ती चूक उशीवर डोके टेकून माझ्या शेजारी झोपत असे.

कलम ६. फिओरेंझाला मी विचारलेले नाही, कारण विचारले असते तर तिने भिडेखातर होकार दिला असता. तिला नकार देण्याचा पूर्ण हक्क आहे. तिने नकार दिल्यास नोटरींनी कृतीचा लिफाफा ग्वाल्तिएरोच्या देखत जाळावा. त्या वेळी त्याचे तोंड पाहण्याची मला इच्छा नाही, आणि त्याची तजवीज मी पुरेशी केलेली असेल.

हा दस्त मी नोटरींच्या हवाली केला, त्या वेळी खालील दोघे हजर होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. हे समजावून सांगितल्यावरही तुल्लिओने साक्षीलाच पसंती दिली. ग्वाल्तिएरोनेही साक्षीदार होण्याची तयारी दाखवली होती. त्याला नियम ठाऊक नव्हता.

फेल्त्रे, ४ नोव्हेंबर २०१९

सही: एर्सिलिया दाल मोलिन

साक्षीदार:
तुल्लिओ कोर्रा, न्हावी
आउरेलिया सोम्माविल्ला, शेजारीण