तिसरी पायरी

३ मार्च
पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या भाड्याच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू, त्या शिवणकामवाल्या बाई, जिन्यावरून पडल्या. घोटा मोडला. आणि दोष कुणाचा? माझा! तिसरी पायरी सैल आहे म्हणे. मग बघून उतरायला काय झालं होतं? घर भाड्यानं द्यायला घेतलं मी, लोकांची हाडं सांभाळायला नाही!

५ मार्च
वकिलाची नोटीस. ‘घरमालकाचा निष्काळजीपणा’ — माझा! तीन वर्षं भाडं वाढवलं नाही, त्याचं हे बक्षीस. बायको म्हणाली, “आधी त्यांना भेटून तर या. प्लास्टर आहे, मशीनचं पायडल मारता येत नाही त्यांना.” ही माझी बायको की त्यांची वकील?

६ मार्च
आमच्या वकिलानं एकच विचारलं, “पायरी सैल आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?” घराचा विमा आहे, पण ठाऊक असेल तर विमा कंपनी हात वर करणार, भरपाई माझ्याच बोडक्यावर — म्हणजे घर विकायचं. ठाऊक नसेल तर निभावेल. मी ठणकावून सांगितलं, मुळीच नव्हतं! तसं लिहून सहीही दिली. खोटं बोलायची सवय नाही मला.

८ मार्च
बाई म्हणतात, दोनदा सांगितलं होतं आणि मी “बघतो” म्हणालो. अहो, “बघतो” मी सगळ्यांनाच म्हणतो! नळवाल्याला, मेहुण्याला, बायकोला. त्याचा अर्थ ऐकलं असा थोडाच होतो?

१० मार्च
विमा कंपनीचा माणूस जिना बघायला आला. बायकोही आली, कारण नसताना. मीच पुढे होऊन त्याला वर नेलं. बाई दारात खुर्चीवर, पाय स्टुलावर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काय तो ताठा! त्या माणसानं फोटो काढले आणि जाताना म्हणाला, “तुम्हाला ठाऊक नव्हतं ना? मग काळजी नको.” सुटलो!

आम्ही घरी आलो. बायको चपला काढता काढता म्हणाली, “तुम्ही तिसरी पायरी ओलांडून चढलात. उतरतानाही.”

काहीतरीच!

११ मार्च
सकाळी एकटाच जाऊन आलो. मुद्दाम दुसरंच काहीतरी मनात आणून चढलो. पाय दुसरीवरून थेट चौथीवर. पुन्हा चढलो. पुन्हा तेच.

वकिलांना फोन केला. म्हटलं, माझी सही परत द्या.