मोठी लेन्स काऊन नाई घेतली

साक्षी,

तू गाढ झोपली होती म्हणून उठवलो नाई. नवा डिजिटल कॅमेरा घेऊन सहाच्या जीपनं घोडाझरीच्या तलावावर जाऊन राह्यलो. बारापर्यंत घरी येतो.

काल नागपूरहून येताना तू बसमधी विचारली, "बाबा, वाघासाठी मोठी लेन्स घेणार होते, काऊन नाई घेतली?" मी म्हटलो, जड होते. ते अर्धंच खरं होतं.

तू दुकानाबाहेर फोनवर बोलत होती, तवा मी ती लावून समोरच्या पाटीचे दहा फोटो काढलो. दहाही हलले. मंग दुकानदारानं लहान लेन्स लावून देल्ली. "काका, ही हाताची थरथर सांभाळते," म्हणे. पाटीचं अक्षर न अक्षर साफ आलं. मले इतकं बरं वाटलं का लगेच तीच घेतलो.

वाघ तिच्यात जवळ येत नाई. पण काठावर चुपचाप बसलं का कमळपक्षी दहा हातांवर येतात. मले ते पुरे.

हात दिवाळीपासून हलते. तुह्या आईले माहीत होतं, पण तुले सांगू मीच देल्लो नाई, तिच्यावर रागावू नको. मंगळवारी मले डॉक्टरकडे घेऊन चल.

— बाबा