कोऱ्या कागदावरची पहिली सही

प्रिय दामूमामा,

'प्रिय' लिहून खोडणार होते. पण पत्र आईला वाचून दाखवायचंय, म्हणून राहू दिलं. उद्या संध्याकाळी वाशीत तुझी शोकसभा आहे. भाची म्हणून मला पाच मिनिटं दिलीत आणि तुझ्या माणसांनी भाषणही टाइप करून पाठवलंय. त्यात तू 'गोरगरिबांच्या मुलांचा अन्नदाता' आहेस. वाचून आधी हसू आलं, मग पुढे वाचवेना. म्हणून हे पत्र.

तू नक्की काय करायचास, हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तुझ्या कार्डावर 'निवडणूक व जनसंपर्क सल्लागार' असं छापलेलं होतं. निवडणूक आली की मतदारयादी मांडीवर घेऊन बसायचास. कुठली बाई कुणाची नणंद, कुणाचं कुणाशी वाकडं, कुठल्या घरात नवऱ्याचं चालतं आणि कुठल्या घरात सासूचं, सगळं तोंडपाठ. सकाळी एका उमेदवाराकडे चहा, दुपारी त्याच्याच विरोधकाकडे जेवण. दोघांनाही सांगायचास, "साहेब, टेन्शन घेऊ नका, गाव आपल्या खिशात हाय." कुणाच्या रे खिशात? दोघांपैकी एक तर पडायचाच. तू मात्र कधी पडला नाहीस.

भाऊबीज ही तुझी खास युक्ती. उमेदवाराला आळीआळीत फिरवून बायकांकडून ओवाळून घ्यायचास, ताटात साडी टाकायला लावायचास. मग मतदानाच्या दिवशी, "ताई, भावाला विसरू नका." साऱ्या बेलापूर पट्टीत तुझ्या उमेदवारांना बहिणीच बहिणी. निकाल लागला की गरज सरो नि वैद्य मरो.

त्यांना निदान साडी तरी मिळाली. तुझ्या सख्ख्या बहिणीला काय मिळालं?

शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतली, बाबा ओट्यावर बसून राहिले, आणि आई गावच्या बालवाडीत सुकडी करायला लागली. गव्हाचं पीठ भाजायचं, गूळ घालायचा आणि पोरांच्या हातावर गरमागरम ठेवायची. त्या कामाला सही लागायची, म्हणून मी तिला पाटीवर तिचं नाव गिरवायला शिकवलं. चाळिशीत आलेली ती सही ती कुठेही करायची, वाण्याच्या पुडीच्या कागदावरसुद्धा. माझ्या मॅट्रिकचाही तिला इतका आनंद झाला नव्हता.

त्या वर्षी भाऊबीजेला तू आलास. आईने ओवाळलं. तू ओवाळणी टाकलीस आणि पिशवीतून कागद काढलेस.

"गावात नळ आणायचा ना? अर्ज करतो. तू पहिली सही कर, तुझं बघून बायका अंगठे देतील."

"दादा, पन कागद कोरा हाय."

"मजकूर ऑफिसात टाइप होतो गं. भावावर विश्वास नाय का?"

आत्ताच ओवाळलेल्या भावाला नाही कसं म्हणायचं? तिने सही केली. वर घरोघर फिरून बायकांचे अंगठेही तिनेच आणून दिले.

नळ आला नाही. आला तो बिस्किटांचा टेम्पो. एव्हाना तू बिस्किटवाल्या कारखानदारांचा माणूस झाला होतास, मंत्रालयात त्यांच्यासाठी खेटे घालायचास. टेम्पोबरोबर आलेल्या साहेबाने बालवाडीच्या दारात कागद वाचून दाखवला. आम्हा मातांना सुकडी नको, ती अस्वच्छ असते, आमच्या मुलांना पाकिटातली बिस्किटं द्यावीत. खाली अंगठेच अंगठे आणि सगळ्यात वर एकुलती एक सही. सुकडी करणारीची.

आईचं काम त्याच दिवशी गेलं. ते तिने सोसलं. पण शेजारची हिराकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, "भावाचं भलं करायला आमच्या पोरांच्या तोंडचा घास काढलास ना गो?" तेव्हापासून बायका आमच्याकडे हळदीकुंकवाला यायच्या बंद झाल्या.

ती तुझ्याकडे वाशीला आली होती, आठवतं? मी सोबत होते. सोफ्यावर तुझा कारखानदार बसला होता. तिने काम परत मागितलं नाही. एवढंच म्हणाली, "दादा, एकदा गावात ये आनी बायकांना सांग, कागद कोरा होता." तू म्हणालास, "निवडणूक तोंडावर आलीय गं. नंतर बघू." आणि निघताना तिच्या हातात बिस्किटांचा खोका दिलास. माणसाने लाज किती सोडावी, मामा? तिने तो खोका खाली वॉचमनच्या खुर्चीवर ठेवला आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

तुझं 'नंतर' पुढे सात-आठ वर्षं चाललं. गावात सभेला यायचास आणि आईच्या दारावरून जीप न थांबवता जायचास. लोकांना सांगायचास, "बहीण उगाच रुसलीय." चोराच्या उलट्या बोंबा.

आणि शेवटच्या आजारात आठवण कुणाची आली? हॉस्पिटलातून आईसाठी निरोप धाडलास, "यमीला सांग, थोडी सुकडी पाठव." बिस्किटं संपली होती का रे? मी आईला म्हटलं, पाठवू नकोस. तिने पीठ भाजलं आणि डबा देऊन मला पिटाळलं. तू खाल्लीस, बोटं चाटलीस. मला वाटलं, आता तरी बोलशील. तू विचारलंस, "यंदा तिकीट कुणाला देतायत?" मी डबा धुतला आणि घरी आले. त्या दिवशी तुला तोंडावर काही बोलले नाही याचा मला अजून राग येतो. तुझा नाही, माझा.

टाइप केलेलं भाषण मी फाडून टाकलंय. आई समोर तांदूळ निवडत बसलीय. मघाशी तिला विचारलं, "उद्या हिराकाकू आणि गावच्या सगळ्या बायका येणार आहेत. सांगू का?"

तिने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग सुपावरून नजर न काढता म्हणाली, "सांग. कागद कोरा होता, ते सांग. आनी तो माझा भाऊ होता, ते पन सांग. नायतर कोनाला कसं कळनार, मी सही का केली?"

म्हणून वचन देते, मामा, उद्या मी दोन्ही सांगेन. दुसरं सांगताना माझा आवाज कापला, तर तो तुझ्यासाठी नाही, एवढं समजून घे.

तुझी भाची,
शालिनी